हातचं राखून

उत्तरेच्या भिंतीत कुठंतरी पाणी मुरतंय
हे आधी नाकानं सांगितलं,
मग पिठाच्या पिंपानं,
मग ओतिलियाच्या खोकल्यानं.
आमच्या चिलोए बेटावर पाऊस वरून पडत नाही.
तो खाडी ओलांडून आडवा येतो,
आणि भिंतीतली एकेक फट
नावानिशी ओळखतो.

पुएर्तो माँतहून एक पोरगा आला, नमुन्यांची पेटी घेऊन.
प्लास्टिकच्या पट्ट्या, सात रंगांत, पन्नास वर्षांची हमी.
स्वतः असेल तेवीसचा.
मी विचारलं, मागं शिरलेलं पाणी बाहेर कुठून येणार?
म्हणाला, मागं पाणी शिरतच नाही, सेन्योरा.
त्याला माते पाजला
आणि फेरीबोटीच्या वेळेला वाटेला लावला.

पत्रा मान्सियांनी लावलाय.
पावसात त्यांच्या घरी बोलणं ऐकू येत नाही,
दोघंही म्हणतात, बरंच झालं.
सिमेंटच्या पाट्या टिकतात,
पण कापलेली कड रंगवायची राहिली
तर दुधात बुडवलेल्या पावासारखी फुगते.
आणि आलेर्से? ते तर आता तोडायचंच नाही.
कायदा आहे, बरोबरही आहे.
हजारो वर्षं उभं राहिलेलं झाड
माझ्या पिठापायी कशाला आडवं करायचं?

बेलार्मिनो कोलिवोरो आला, भिंतीवरून हात फिरवला.
खिडकीच्या कोपऱ्यात पेचकस टेकवला,
तो मुठीपर्यंत आत गेला.
"लाकडाला नावं ठेवू नका," म्हणाला,
"खिडकीच्या माथ्यावर पत्र्याची पट्टीच नाही.
चोर दारातून आलाय, तुम्ही छप्पर तपासताय."

मग एक लाकडी कौल उपसून त्यानं माझ्या हातात दिलं.
खालचा तिसरा हिस्सा राखाडी,
झिजून पुठ्ठ्याएवढा.
वरचे दोन हिस्से, जे कायम दुसऱ्या पदरांखाली होते,
लालसर, कोरे, वासासकट.
ब्याऐंशी वर्षं भिंतीवर राहून
त्यांनी पाऊस पाहिला नव्हता.
असं हातचं राखून जगणं
आमच्या घरात दुसऱ्या कुणाला जमलं नाही.

"उलटी करून लावू," बेलार्मिनो म्हणाला.

अकराशे चाळीस उतरवली, तीनशे हातातच तुटली.
तेवढी चिगुआयच्या पडक्या कोठारातून आणली,
दोन मेंढ्यांच्या बदल्यात.
कुजलेले वासे बदलले. काळा कागद. त्यावर उभ्या पट्ट्या,
भिंत आणि कौलं यांच्यात दोन बोटं वारा खेळेल इतक्या.
"पाणी येणारच," तो म्हणाला, "त्याला जायची वाट ठेवा."
काम खालून वर, कारण पाणी वरून खाली.
सांध्यावर सांधा कधी नाही.
दोन कौलांत नखाएवढं अंतर,
ओली झाली की फुगतात, एकमेकींना ढकलतात.
खिळे न गंजणारे, दोनच,
आणि इतके दाबून नाहीत की लाकडाला हलता येऊ नये.

चौथ्या दिवशी एका कौलावर पेन्सिल दिसली.
आजोबा रोसेंदोंचं अक्षर:
येणे, दोन पोती बटाटे, बाआमोंदे.
शिडीवरून बेलार्मिनोनं विचारलं, "हेही उलटं?"
उलटं केलं तर उधारी अख्ख्या रस्त्याला दिसणार.
मी जरा वेळ चुलीकडे बघत राहिले.
म्हटलं, करा.

जून आला. भिंत अजून तांबडी आहे,
दोन-तीन हिवाळ्यांत शेजाऱ्यांसारखी होईल.
पीठ कोरडं आहे.
ओतिलिया खोकते. त्याला भिंत जबाबदार नव्हती,
ती विड्या ओढते.

फेरीबोटीवर तिकिटं फाडणारा बाआमोंदेचा नातू
काल दारासमोर थांबला,
मान वाकडी करून
उलटी अक्षरं वाचली त्यानं,
टोपी खाली ओढली आणि निघून गेला.
रात्रभर आडवी झड होती.
सकाळी पाहिलं,
अजून वाचता येतं.